साक्षीतला 'मी' : फौजदारी न्यायालयातील दैनंदिन लेखन आणि न्यायाचा प्रश्न

१

न्यायालयाविषयीची मराठी वाङ्मयीन कल्पना प्रामुख्याने वक्तृत्वाच्या प्रतिमेवर पोसलेली आहे. १९०८ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या उच्च न्यायालयात राजद्रोहाच्या आरोपाला उत्तर देताना लोकमान्य टिळक एकवीस तासांहून अधिक काळ बोलले. ज्यूरीच्या नऊ सदस्यांपैकी सातांनी त्यांना दोषी ठरवले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. तरीही जो बोलला तोच जिंकला, अशी त्या खटल्याची स्मृती महाराष्ट्रात टिकून राहिली. पुढे रंगभूमीने आणि चित्रपटाने हीच प्रतिमा वेगवेगळ्या रूपांत वापरली. पिंजऱ्यात उभी असलेली व्यक्ती एका वाक्यात खटल्याचे पारडे फिरवते, वकील एका प्रश्नात असत्य उघडे पाडतो, आणि न्याय म्हणजे योग्य क्षणी उच्चारलेला शब्द, असे समीकरण रूढ होते.

फौजदारी न्यायालयाचा रोजचा दिवस या प्रतिमेशी जुळत नाही. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणचे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय घ्यावे. दाराबाहेर त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो. त्यावरील खटल्यांची संख्या आणि कामकाजाचे तास यांचा मेळ कोणत्याही गणिताने बसत नाही. व्हरांड्यात फिर्यादी, आरोपी, जामीनदार, पंच आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसे भिंतीला टेकून बसलेली असतात. एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोन पक्ष बहुधा एकाच गावचे असल्यामुळे एकाच एस.टी.ने आलेले असतात. शिपाई पुकारा करतो, नाव ऐकून कोणी घाईने आत जातो, पायातल्या वहाणा बाहेर राहतात. आत न्यायाधीशांच्या खालच्या बाजूला शिरस्तेदार, टंकलेखक, पोलीस ठाण्याचा पैरवी कर्मचारी आणि कागदांचे गठ्ठे. दोन-तीन मिनिटांत रोजनाम्यात ओळ पडते : आरोपी हजर, साक्षीदार गैरहजर, पुढील तारीख. बहुतेक खटल्यांचे त्या दिवसापुरते आयुष्य एवढेच असते.

या दृश्यात वक्तृत्वाला फारशी जागा नाही. जे घडते ते प्रामुख्याने लेखन आहे. फिर्याद, पंचनामा, जबाब, दोषारोप, साक्ष, निकालपत्र या सर्वांतून एका घटनेचे कागदावर क्रमाक्रमाने पुनर्लेखन होत असते. निकाल त्या घटनेविषयी असल्याचे मानले जाते. प्रत्यक्षात तो या लेखनाविषयी असतो. म्हणून न्यायालयातील दैनंदिन न्यायाचा विचार करताना कोण बोलले यापेक्षा कोणाचे बोलणे कोणी लिहिले, हा प्रश्न अधिक मूलभूत ठरतो. हा प्रश्न विधिशास्त्राचा आहे तितकाच साहित्यमीमांसेचाही आहे. कारण त्याच्या मुळाशी निवेदकाचा, म्हणजे 'मी' या सर्वनामाच्या मालकीचा प्रश्न आहे.

२

साक्ष कशी लिहावी यासंबंधी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत स्पष्ट तरतुदी होत्या. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कलमांचे क्रमांक बदलले, परंतु लेखनाची ही व्यवस्था मूलतः कायम ठेवली. (पुढील विवेचनात वकील आणि न्यायाधीश यांच्या अंगवळणी पडलेले १९७३ चेच क्रमांक वापरले आहेत.) सत्र न्यायालयातील खटल्यांत आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढील वॉरंट खटल्यांत साक्ष सामान्यतः निवेदनाच्या स्वरूपात लिहावी, प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात नव्हे, असे कलम २७५ व २७६ सांगत. प्रश्नोत्तरे नोंदवण्याची मुभा न्यायाधीशांना होती, पण तो अपवाद. समन्स खटल्यांसाठी कलम २७४ याहून पुढे जाई : तेथे साक्षीच्या आशयाचे टिपण पुरेसे होते. म्हणजे गुन्हा जितका लहान, तितका साक्षीदाराच्या शब्दांचा अभिलेखातील वाटा कमी. सामान्य माणसाचा न्यायालयाशी येणारा संबंध बहुतांशी लहान गुन्ह्यांपुरताच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या श्रेणीरचनेचा अर्थ स्पष्ट होतो.

निवेदनाच्या स्वरूपात लिहिणे म्हणजे काय, हे एका कल्पित, परंतु कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयात घडू शकेल अशा उदाहरणाने पाहता येईल. मारहाणीच्या खटल्यात शेजारीण साक्षीला उभी आहे. सरकारी वकील विचारतात, काय झाले? ती म्हणते : "दिवेलागण झाली हुती. म्या चुलीम्होरं भाकरी थापत हुते. तेवढ्यात भाईर गलका झाला, म्हून पिठाच्या हातानंच पळत ग्येले. बघते तर ह्यो त्येला खाली पाडून हाणत हुता." न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगतात आणि कागदावर उमटते : 'घटनेच्या दिवशी सायंकाळी ७ वाजण्याच्या सुमारास मी माझ्या घरी स्वयंपाक करीत होते. त्या वेळी मला बाहेर आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी बाहेर गेले. त्या वेळी न्यायालयात हजर असलेला आरोपी फिर्यादीस मारहाण करीत असताना मी पाहिले.'

या रूपांतरात कोणी खोटेपणा केलेला नाही. तरीही दोन गोष्टी घडल्या आहेत. एक म्हणजे पिठाचे हात गेले. ती बाई हातातले काम टाकून तत्क्षणी धावली, म्हणजे तिने पाहिले ते भांडणाच्या ऐन भरातले होते, याची खूण त्या हातांत होती. विश्वासार्हतेचा जो तपशील पुढे निकालपत्रात शोधला जाणार, तोच लेखनात निरर्थक म्हणून गळून पडला. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. 'दिवेलागण'चे 'सात' झाले. दिवेलागण ही वेळ ऋतूबरोबर हलते, पावसाळी आभाळात लवकर येते, आणि ती घड्याळाने मोजली जात नाही. चार महिन्यांपूर्वी पोलीस ठाण्यात हाच शब्द ऐकून जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने 'साडेसहा' लिहिले होते. आता उलटतपास सुरू होतो आणि कागदावर पुढील वाक्ये येतात : 'हे म्हणणे खरे आहे की, माझ्या घरात घड्याळ नाही. मी पोलिसांना साडेसहाची वेळ सांगितली नव्हती. माझ्या जबाबात तसे का लिहिले आहे, याचे कारण मला सांगता येणार नाही.'

महाराष्ट्रातील फौजदारी न्यायालयांच्या अभिलेखात हे शेवटचे वाक्य साच्यासारखे पुन्हा पुन्हा येते. साक्षीदार अडचणीत सापडल्याची ती खूण मानली जाते. वस्तुतः तिच्या संपूर्ण साक्षीत त्याइतके अक्षरशः खरे वाक्य दुसरे नसेल. तिला कारण सांगता येणार नाही, कारण ते लिहिणारी ती नव्हती. कलम १६२ नुसार पोलिसांपुढील जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यायची नसते. त्याचा उपयोग मुख्यतः साक्षीदाराचे म्हणणे खोडून काढण्यासाठी होतो. दोन लेखकांनी एकाच शब्दाची दोन भाषांतरे केली, आणि त्या दोहोंतील विसंगतीचे उत्तर मूळ वक्त्याकडे मागितले गेले. किरकोळ विसंगतींनी साक्ष निकामी होत नाही, असे वरिष्ठ न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे हे खरे. परंतु विसंगती किरकोळ आहे की नाही हे ठरवण्याची पाळी येण्यापूर्वीच ती बाई खोटे बोलणारी ठरण्याच्या शक्यतेत उभी राहिलेली असते.

येथे प्रश्न प्रमाणभाषा आणि बोली एवढाच नाही. १९९८ साली राज्य शासनाने अधिसूचना काढून मराठी ही जिल्हा व दुय्यम न्यायालयांची भाषा ठरवली. मराठीतून बोललेले मराठीतून लिहिले जाऊ लागले, तरी वरील अंतर मिटले नाही. ते एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाण्याचे अंतर नाही. पाहिलेल्या गोष्टीकडून नोंदवण्याजोग्या गोष्टीकडे जाण्याचे आहे.

३

उलटतपासाच्या लेखनात 'मी'ची अवस्था आणखी विलक्षण होते. आरोपीचे वकील सूचक प्रश्न विचारतात : तुमचे आणि आरोपीचे बांधावरून भांडण आहे, म्हणून तुम्ही खोटी साक्ष देत आहात? साक्षीदार 'न्हाई' एवढेच म्हणतो. कागदावर येते : 'हे म्हणणे खरे नाही की, माझे व आरोपीचे बांधावरून वैमनस्य असल्याने मी खोटी साक्ष देत आहे.' एका अक्षरी नकाराचे पूर्ण वाक्य झाले. त्या वाक्यातील प्रत्येक शब्द प्रतिपक्षाचा आहे, केवळ 'नाही' साक्षीदाराचे. पण व्याकरणाच्या दृष्टीने संपूर्ण वाक्याचा कर्ता तो आहे. बाख्तीनने कादंबरीच्या भाषेविषयी लिहिताना एका उच्चारात दोन आवाज कसे नांदतात, हे दाखवले होते. कादंबरीत असे द्विस्वर वाक्य वाचकाला समृद्ध करते, कारण दोन्ही आवाज ऐकू येतील अशी लेखकाची योजना असते. साक्षीच्या कागदावर दुसऱ्याचा आवाज पहिल्याच्या 'मी'खाली झाकला जातो, आणि वाचणाऱ्याला तो एकच आवाज भासावा हीच त्या रूपाची अपेक्षा असते.

पंच साक्षीदाराचा 'मी' तर मुळातच उसना असतो. पंचनामा प्रथमपुरुषी अनेकवचनात सुरू होतो : आम्ही पंच, बोलावल्यावरून हजर राहिलो. हे वाक्य बहुधा तपास करणारा पोलीस अधिकारी तयार करतो. पुढे न्यायालयात पंच उभा राहून सांगतो की सही माझी आहे, पण आत काय लिहिले होते ते मला माहीत नाही. सरकारी वकील त्याला फितूर घोषित करण्याची परवानगी मागतात. असे पंच भीतीपोटी किंवा पैशापोटी फिरत असतीलही. पण काही वेळा तो माणूस केवळ एवढेच सांगत असतो की त्या 'आम्ही'त तो कधीच नव्हता.

आरोपीच्या बाबतीत कायद्याची भूमिका वेगळी आहे, आणि म्हणूनच ती बोलकी आहे. आरोपीची तपासणी करताना विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि दिलेले प्रत्येक उत्तर पूर्ण नोंदवावे, असे कलम २८१ चे बंधन होते. आरोपीला शपथ दिली जात नाही, आणि उत्तर नाकारल्याबद्दल वा खोटे दिल्याबद्दल शिक्षा होत नाही. वकिलांच्या तोंडी 'तीनशे तेरा' म्हणून रुळलेला, आता कलम ३५१ खाली गेलेला हा जबाब म्हणजे आरोपीला स्वतः बोलण्याची मिळणारी प्रमुख संधी. व्यवहारात मात्र प्रश्न साक्षींवरून आधीच टंकलिखित केलेले असतात : साक्षीदार क्रमांक दोनने असे सांगितले आहे, याबाबत तुमचे काय म्हणणे आहे? उत्तर : खोटे आहे. पुढचा प्रश्न; उत्तर : माहीत नाही. शेवटी, आणखी काही सांगायचे आहे काय? उत्तर : मला खोटे गुंतवले आहे. ज्याचे शब्द पूर्ण लिहिण्याची हमी आहे, त्याने कमीत कमी शब्द वापरावेत हेच त्याच्या हिताचे ठरते. वकिलाचा सल्लाही तसाच असतो आणि तो योग्यच असतो.

याच्या जोडीला कलम २५२ ठेवून पाहावे. समन्स खटल्यात आरोपीने गुन्हा कबूल केला, तर ती कबुली शक्यतो आरोपीने वापरलेल्या शब्दांतच नोंदवावी, असे ते सांगे. साक्षीदाराच्या शब्दांचे टिपण चालते, त्याचे निवेदन चालते. कबुलीच्या वेळी मात्र कायद्याला माणसाचे स्वतःचे शब्द हवे असतात. यामागील हेतू आरोपीच्या संरक्षणाचा आहे, यात शंका नाही. पण गर्दीच्या दिवशी दंडाच्या रकमेपुरत्या उरलेल्या खटल्यांत हे 'स्वतःचे शब्द' 'गुन्हा कबूल आहे' या तीन शब्दांत सामावतात. दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा तारखेला येण्यापेक्षा कबुली स्वस्त पडते. माल्कम फीली या अमेरिकन अभ्यासकाने न्यू हेवन येथील कनिष्ठ फौजदारी न्यायालयाचा अभ्यास करून १९७९ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा होता की, किरकोळ गुन्ह्यांत प्रक्रिया हीच खरी शिक्षा असते; निकालाने होणाऱ्या दंडापेक्षा फेऱ्या, खर्च आणि बुडालेले काम यांचा भार अधिक असतो. तालुक्याच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसाला हे सांगण्यासाठी संशोधनाची गरज नाही. त्याने कबुलीच्या रूपात ते आधीच सांगितलेले असते. फक्त अभिलेखात त्याची नोंद गुन्ह्याची कबुली म्हणून होते.

४

मराठीतील दोन महत्त्वाच्या कलाकृतींनी न्यायालयीन लेखनाचा हा पेच वेगवेगळ्या अंगांनी ओळखला आहे. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाकडे समीक्षेने प्रामुख्याने स्त्रीची कोंडी आणि मध्यमवर्गीय क्रौर्य या दृष्टीने पाहिले. त्यातील शेवटच्या स्वगताची रचना मात्र प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. अभिरूप न्यायालय लीला बेणारेला बोलण्यासाठी दहा सेकंद देते. ती प्रदीर्घ बोलते. त्या वेळी रंगमंचावरील इतर सर्व पात्रे निश्चल झालेली असतात. तिचे बोलणे संपते, न्यायालय पुन्हा हालचाल करू लागते, आणि न्यायालयाच्या लेखी तिने काहीही सांगितलेले नसते. तेंडुलकरांनी हे बोलणे प्रेक्षकांच्या स्वाधीन केले आणि अभिलेखाबाहेर ठेवले. रंगभूमीला हे करता येते, कारण तिच्यापाशी न्यायालयाखेरीज दुसरा ऐकणारा आहे. व्हरांड्यातल्या माणसापाशी तो नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटाने वक्तृत्वाचा मोह जवळजवळ पूर्णपणे टाळला आहे. गटार साफ करणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू होतो आणि त्याला आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपावरून एका वृद्ध लोकशाहिरावर खटला चालतो. मृताच्या पत्नीची साक्ष हे चित्रपटाचे केंद्र आहे. नवरा गटारात उतरण्यापूर्वी झुरळ दिसते का ते पाहत असे, कारण झुरळ असेल तर आत हवा आहे असे समजायचे, हे ती कोणताही आवेश न आणता सांगते. त्या एका तपशिलाने आत्महत्येचा सिद्धांत मोडीत निघतो, कारण मरू इच्छिणारा माणूस हवेची खात्री करीत नाही. परंतु चित्रपटातील न्यायालय या वाक्यावर थबकत नाही. ते वाक्य इतर नोंदींसारखीच एक नोंद होते. चित्रपटाचे सामर्थ्य असे की, तो न्यायाधीशाला दुष्ट ठरवीत नाही. सर्वजण आपापले काम करीत असतात. अन्याय घडतो तो कामाच्या ओघात.

५

अभिलेखाचे वाचन हेही न्यायदानाचे अंग आहे, आणि तेथे लेखनाची ताकद सर्वाधिक जाणवते. १९७२ च्या मार्च महिन्यात तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने संमती आणि हतबल शरणागती यांत फरक करून त्यांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, शरीरावर जखमा नाहीत आणि प्रतिकाराचे म्हणणे विश्वसनीय नाही असे मानून, पुन्हा निर्दोष सोडले. सत्र न्यायाधीशांनी ती मुलगी प्रत्यक्ष पाहिली होती. वरच्या दोन न्यायालयांपुढे होता तो कागद. एकाच साक्षीचे तीन वाचक आणि तीन अर्थ. साहित्यमीमांसेत अर्थाची अनिश्चितता हा कुतूहलाचा विषय असतो. येथे तिचे मूल्य एका मुलीला चुकवावे लागले.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिअभ्यासकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या बदलातील एक तरतूद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे : पोलिसांच्या ताब्यातील व तत्सम प्रकरणांत संभोग सिद्ध झाला असेल आणि स्त्रीने आपल्या साक्षीत संमती नव्हती असे सांगितले असेल, तर न्यायालयाने संमती नव्हती असे गृहीत धरावे. कायद्याने येथे तिच्या एका वाक्याला विधिमूल्य दिले. साक्षीतला 'मी' कायदा घडवू शकतो, याचे हे उदाहरण आहे. मात्र त्यासाठी एका मुलीचा 'मी' सर्वोच्च पातळीवर अविश्वसनीय ठरावा लागला, हेही विसरता येत नाही.

६

इथवरच्या विवेचनावरून असा निष्कर्ष काढणे सोपे आहे की, न्यायालयीन लेखन म्हणजे दुर्बलांच्या आवाजावरील आक्रमण होय, आणि मूळ आवाज जसाच्या तसा नोंदवणे हा त्यावरील उपाय. ल्योतारच्या विचाराचा आधार या भूमिकेला घेता येईल. ज्या अन्यायाला मांडण्यासाठी न्याय करणाऱ्याच्या भाषेत वाक्यच उपलब्ध नसते, तो अन्याय सिद्धही करता येत नाही, हे त्याचे म्हणणे वरील उदाहरणांना चपखल लागू पडते. तरीही हा निष्कर्ष घाईचा आहे.

पहिली गोष्ट अशी की, आवाजावर न्याय सोपवणे म्हणजे चांगले बोलणाऱ्यावर न्याय सोपवणे. टिळक एकवीस तास बोलू शकले. भाकरी थापणारी बाई अडखळते, घाबरते, मागचे पुढे सांगते. निवेदनाचे रूप तिच्या विस्कळीत उत्तरांना सलगता देते, आणि तिच्या कागदाला सावकाराच्या किंवा पाटलाच्या कागदाशेजारी तशाच करड्या गद्यात उभे करते. या गद्याचा निर्विकारपणा हा समतेचाही एक प्रकार आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदारांची पात्रता वर्ण आणि लिंग यांनुसार ठरते, शपथेची भाषाही वर्णानुसार बदलते. आधुनिक अभिलेखात सर्वांचा 'मी' एकसारखा लिहिला जातो, यामागे एक मोठे ऐतिहासिक अंतर तोडलेले आहे. भारतीय परंपरेत या समतेला आधारही सापडतो. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानताना आप्ताचे लक्षण सांगितले आहे. त्यावरील भाष्यात वात्स्यायन म्हणतो की, वस्तूचे साक्षात ज्ञान असणे आणि ते जसे आहे तसे सांगण्याची इच्छा असणे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना समानच लागू आहे. साक्षीचा अधिकार कुळातून येत नाही, पाहण्यातून येतो.

दुसरी गोष्ट अपिलाची. ज्यूरीची पद्धत १९७३ च्या संहितेने ठेवली नाही. निर्णय एका न्यायाधीशाचा असतो, आणि तो तपासण्याचे वरिष्ठ न्यायालयापाशी असलेले मुख्य साधन म्हणजे अभिलेख. लेखन नसते तर न्यायाधीशाची मर्जी हाच कायदा ठरला असता. तिसरी गोष्ट यंत्राची. २००९ च्या दुरुस्तीनंतर, आरोपीच्या वकिलाच्या उपस्थितीत, साक्षीचे ध्वनिचित्रमुद्रणही करण्याची मुभा मिळाली. त्याने पिठाचे हात वाचतील, दिवेलागणही वाचेल. पण मुद्रण म्हणजे ऐकणे नव्हे. ज्या न्यायालयाला एक पान वाचून दाखवण्यास वेळ नाही, त्याला तीन तासांचे मुद्रण ऐकण्यास वेळ कोठून येणार? अखेर कोणीतरी त्याचा उतारा करील, आणि प्रश्न पुन्हा लिहिणाऱ्यापाशी येईल.

म्हणून नैतिक प्रश्न असा मांडावा लागतो : दुसऱ्याने लिहिलेला 'मी' अपरिहार्य असेल, तर तो न्याय्य केव्हा ठरतो? शब्द जसेच्या तसे असणे ही त्याची अट होऊ शकत नाही. ज्याच्या नावाने तो लिहिला, त्याला तो ओळखण्याची आणि नाकारण्याची खरी संधी मिळणे, ही अट होऊ शकते.

७

ही अट कायद्याला परकी नाही. कलम २७८ नुसार साक्ष पूर्ण झाल्यावर ती साक्षीदाराला, आरोपी वा त्याच्या वकिलाच्या उपस्थितीत, वाचून दाखवायची असते, आणि आवश्यक असल्यास दुरुस्त करायची असते. साक्षीदाराने एखादा भाग बरोबर नाही असे म्हटले, तर न्यायाधीश दुरुस्ती करण्याऐवजी त्याच्या हरकतीची नोंद आणि स्वतःचे शेरे जोडू शकतात. साक्ष त्याला न समजणाऱ्या भाषेत लिहिली असेल, तर तिचा अर्थ त्याला समजणाऱ्या भाषेत सांगायचा असतो. म्हणजे 'मी' लिहून झाल्यावर तो मालकाकडे परत करण्याचा एक क्षण संहितेने राखून ठेवला आहे. या क्षणी ती बाई म्हणू शकते : सात न्हाई म्हनले म्या, दिवेलागण म्हनले.

गर्दीच्या न्यायालयात पहिली काटछाट याच क्षणाची होते. पुढचा साक्षीदार उभा असतो, वकिलाला दुसऱ्या न्यायालयात पुकारा झालेला असतो, कागद यंत्रातून बाहेर येतो आणि साक्षीदाराला बोटाने सहीची जागा दाखवली जाते. कागदाच्या तळाशी 'वाचून दाखवले व बरोबर असल्याचे कबूल केले' हे वाक्य असतेच. साक्षीदाराच्या वतीने लिहिलेले हे शेवटचे वाक्य आधीच्या सर्व वाक्यांना प्रामाण्य देते. ते प्रत्येक वेळी असत्य असते असे नव्हे. अनेक न्यायाधीश कटाक्षाने साक्ष वाचून दाखवतात, आणि काही तर मजकूर सांगतानाच मोठ्याने, सावकाश सांगतात, जेणेकरून पिंजऱ्यातील माणसाला आपले वाक्य घडताना ऐकू यावे. पण ते वाक्य सत्य असो वा नसो, कागदावर सारखेच दिसते, आणि वरच्या न्यायालयातील वाचकाला या दोहोंतील फरक कळण्याचा मार्ग बहुधा उरत नाही.

भारतीय न्यायव्यवस्थेवरील टीका बहुतांशी विलंबाभोवती फिरते, आणि ते योग्यही आहे. जलद खटला हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात मान्य केले. तरीही २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश माणसे अद्याप दोषी न ठरलेली, म्हणजे न्यायाधीन बंदी होती. परंतु विलंबाची दुसरी बाजू दुर्लक्षित राहते. चार वर्षे तारखांवर गेलेल्या खटल्यात प्रत्यक्ष साक्ष वीस मिनिटांत उरकते. व्हरांड्यात वेळ अमर्याद असतो आणि पिंजऱ्यात तो नसतोच. विलंब आणि घाई ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत. किंबहुना विलंबाची लाज जितकी वाढते, तितकी घाई सद्गुण वाटू लागते. प्रलंबित खटल्यांची संख्या कमी करण्याच्या प्रत्येक मोहिमेत निकालात निघालेली प्रकरणे मोजली जातात. वाचून दाखवलेल्या साक्षी मोजण्याची पद्धत नाही.

येथे साहित्याच्या अभ्यासकाचे उत्तरदायित्व काय, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. निवेदक, लेखक आणि वक्ता यांतील भेद ओळखणे हे त्याचे रोजचे काम आहे. कादंबरीतला 'मी' म्हणजे लेखक नव्हे, हे तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. ज्या समाजात हजारो माणसांचे स्वातंत्र्य इतरांनी लिहिलेल्या 'मी'वर अवलंबून आहे, तेथे ही शिकवण केवळ कादंबरीपुरती ठेवणे परवडणारे नाही. अभिलेख वाचणाऱ्याने, मग तो अपिलाचा न्यायाधीश असो, वकील असो वा संशोधक, त्यातील प्रथमपुरुषी वाक्याकडे एका विशिष्ट व्यवस्थेत घडलेले लेखन म्हणून पाहिले पाहिजे. विसंगती आढळली की साक्षीदार खोटा आहे का, हे विचारण्यापूर्वी ही विसंगती कोणाच्या दोन वाक्यांत आहे, हे विचारले पाहिजे.

याने न्याय मिळेलच असे नाही. पुरावा अपुरा असू शकतो, साक्षीदार खरोखरच खोटे बोलत असू शकतो, आरोपी निर्दोष असू शकतो आणि त्या शेजारणीची खरी साक्षही चुकीच्या माणसाविरुद्ध जाऊ शकते. वाचून दाखवण्याने यांपैकी कोणतीच शक्यता नाहीशी होत नाही. त्याने एवढेच साधते की, निकाल काहीही लागला तरी ज्यावर तो उभा आहे ते वाक्य तिचे असते. दैनंदिन न्यायाकडून याहून मोठी अपेक्षा करण्याचा हक्क समाजाला आहे; याहून लहान अपेक्षेवर समाधान मानण्याचा नाही.